दादाने पूर्ण केलेला गेम

जे बाजारात कधी आलंच नाही ते गहाळ होणार तरी कसं, असं कुठलाही शहाणा माणूस विचारेल. पण गेम खेळणाऱ्यांत शहाणी माणसं तशी कमीच. अर्धवट बनून रद्द झालेल्या गेमच्या मागे वर्षानुवर्षं लागलेले लोक आहेत, आणि गेल्या पावसाळ्यात मीही त्यांच्यात सामील झालो. निमित्त माझा मामेभाऊ.

दादा ठाण्याच्या नौपाड्यात वाढला. 2003-04 च्या सुमारास, शाळा सुटल्यावर आणि क्लास सुरू होण्याआधी, तो एका सायबर कॅफेत पडीक असायचा. तिथे म्हणे एक गेम होता. निळसर अंधार, चिलखतासारखा घट्ट पोशाख घातलेली सोनेरी केसांची मुलगी, हातात लांब बंदूक. बटण दाबलं की ती काचेसारखी आरपार दिसायची. "दुसऱ्या लेव्हलला लोखंडी जिना होता, उजव्या हाताला. वर एक गार्ड. मागून जाऊन उडवायचा." नाव मात्र 'घोस्ट का काहीतरी', बस.

अशा शोधात उलटतपासणीच कामाला येते. मुलगी पाठमोरी दिसायची की सगळं तिच्या डोळ्यांतून दिसायचं? जीव किती उरलाय ती पट्टी कुठे होती? माउस होता की गेमपॅड? शेवटच्या प्रश्नावर दादा उखडला. "गेमपॅड कोण देतंय? आमच्याकडे माउसच्या पोटातला बॉलसुद्धा चोरीला जायचा!" कॅफेच्या जागी आता पॅथॉलॉजी लॅब आहे. तिथे जाऊन विचारायची सोय नाही. उपाशीपोटी आलात का, असं विचारतील.

मुलगी लगेच सापडली. ती नोव्हा, 'स्टारक्राफ्ट: घोस्ट'ची नायिका. ब्लिझर्ड या कंपनीने हा गेम 2002 मध्ये जाहीर केला. एका स्टुडिओने काम सुरू केलं, 2004 मध्ये ते दुसऱ्याकडे गेलं, 2006 मध्ये बेमुदत लांबणीवर पडलं. 'काम प्रगतिपथावर आहे' हे फलक वाचत मोठे झालेल्या ठाणेकरांना पुढचं सांगायला नको. रद्द झाल्याचं कंपनीने उघडपणे मान्य केलं ते 2014 मध्ये. आणि खरी गोची पुढेच आहे: हा गेम प्लेस्टेशन 2, एक्सबॉक्स, गेमक्यूब अशा कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांसाठी, बनत होता. कॅफेतल्या पीसीवर तो चालणार कसा?

माझं निदान असं. संगणकाच्या मासिकांसोबत तेव्हा सीडी यायची, तिच्यात येऊ घातलेल्या गेमचे ट्रेलर असायचे. कॅफेवाल्याने ते मशीनवर टाकून ठेवले असणार. त्याच दिवसांत पीसीवर 'स्प्लिंटर सेल' आला होता. अंधारात दबा धरायचा आणि गार्डला मागून गाठायचं, हाच त्याचा जीव. मुलगी ट्रेलरमधली, गार्ड दुसऱ्या गेममधला, आणि वीस वर्षांत दोघांची सोयरीक जमली.

दादाला हे अजिबात पटलं नाही. "मला सेव्ह केलेलं आठवतंय," म्हणाला.

मला असे दादा आवडतात. 'स्टार फॉक्स 2' 1995 मध्ये तयार असून निन्टेंडोने दाबून ठेवला, आणि 2017 मध्ये सुपर निन्टेंडो या आपल्याच जुन्या कन्सोलच्या छोट्या आवृत्तीत घालून दिला. चांगलंच झालं, पण हाती आल्यावर तो चारचौघांसारखा एक गेम झाला. त्यापेक्षा 'डेझर्ट बस' या गेमची गोष्ट मला जास्त भावते. टक्सन ते लास व्हेगास रिकामी बस न्यायची, ताशी 45 मैल, खरेखुरे आठ तास. पॉज नाही. बस सारखी उजवीकडे ओढते, म्हणून स्टिअरिंग सोडताही येत नाही. पोचल्यावर बक्षीस एक गुण. प्रकाशक कंपनी बुडाली आणि गेम बाजारात आलाच नाही. परीक्षणासाठी गेलेल्या प्रतीमुळे तो वाचला. घोडबंदर रोडने रोज ऑफिस गाठणाऱ्यांना तो एक गुणसुद्धा कोणी देत नाही, हे जाता जाता.

'घोस्ट'ची एक कच्ची आवृत्ती 2020 मध्ये फुटली, एक्सबॉक्सवरची. कोणीतरी ती खेळून केलेलं रेकॉर्डिंग मी कासारवडवलीला दादाच्या घरी टीव्हीवर लावलं. त्याने चहा बाजूला ठेवून पाहिलं. नोव्हा दिसली तसा पुढे सरकला. मध्ये दोनदा थांबवून मागे घ्यायला लावलं.

"मुलगी तीच आहे," तो म्हणाला. "पण हा नाही. ह्याच्यात जिनाच नाहीये."