निळी पाटी

आज गोदीत भर पावसात दीड तास एका कंटेनरपाशी अडकलो. कागदावर कॅल्शियम कार्बाइड, वर्ग ४.३, म्हणजे पाणी लागताच पेटणारा वायू सोडणारा माल. चारपैकी एका बाजूची, हा धोका सांगणारी निळी पाटी गायब. ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, तीन आहेत ना, सोडा की!” नाही सोडला. कार्बाइडला पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू सुटतो, मग ठिणगी पुरते. त्यात मुंबईचा जुलै! आग लागली तरी पाणी मारू नका, हे बंबवाल्यांना ती पाटीच सांगते.

१४ एप्रिल १९४४ ला इथेच, व्हिक्टोरिया गोदीत, ‘फोर्ट स्टिकिन’ फुटलं. कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं एकाच जहाजात, वर धोक्याचा लाल बावटाही नाही. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले.

शेवटी पाटी लागली. ड्रायव्हर अजून फुगलेलाच होता. चहा पाजला, तेव्हा कुठे हसला.