ज्यांचा विरोध, त्यांचंच नाव

माझी आजी पुण्याच्या मंडईत भाजी विकायची हे कळलं, की लोक हमखास विचारतात: जोतीराव फुल्यांनी ज्या मंडईला विरोध केला, तिलाच त्यांचं नाव कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. त्यांचा विरोध भाजीबाजाराला नव्हता. ते माळ्याच्या घरातले, वडिलांचा फुलं-भाजीचाच धंदा. बाजार तेव्हा शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. त्याला छप्पर हवं होतंच. पण 1876 ते 1882 या काळात नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीरावांचं म्हणणं होतं, की एवढी मोठी रक्कम दगडी इमारतीत घालण्याआधी गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागताला हजार रुपये मंजूर झाले, तेव्हाही विरोधात मत देणारे ते एकटेच. पैसा करदात्यांचा आहे, हे ते क्षणभरही विसरले नाहीत.

इमारत झालीच. शुक्रवार पेठेत खासगीवाल्यांच्या जागेवर, मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याला आठ बाजूंनी फुटलेले पंख. 1886 मध्ये ती सुरू झाली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिचं नाव पडलं रे मार्केट. पुढे पन्नासेक वर्षांनी, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, ते नाव गेलं आणि महात्मा फुले मंडई झाली.

मला हे नाव अगदी योग्य वाटतं. गव्हर्नर पाच वर्षं राहून गेले. मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या बाईची मुलं शाळेत जावीत, हा हट्ट मात्र जोतीरावांनी जन्मभर धरला.

आजीला सही येत नव्हती. पहाटे माल उतरला की ती ओट्यावर पाणी मारायची, पालेभाजी लावायची, आणि दुपारी गिऱ्हाईक पांगलं की मला पाटी-पेन्सिल घेऊन शेजारी बसवायची. जुड्यांचा हिशेब मी मांडायचा, तिने बोटांवर ताडून पाहायचा. दगडी भिंतींमुळे उन्हाळ्यातही तिथे गारवा असायचा. कोथिंबिरीच्या त्या ओल्या वासात मी पाढे पाठ केले. ‘एकोणीस सक्कं?’ ती विचारायची, आणि मी अडखळले की शेजारच्या ओट्यावरून उत्तर यायचं.