गुरुवारचं इंजेक्शन

डिचोली, गुरुवार, रात्री

सकाळपासून पाऊस थांबलेला नाही. अशा गारव्यात अँप्यूलमधलं तेल घट्ट होतं, म्हणून ती मुठीत धरून दहा मिनिटं बसलो. माझं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, एरंडेलात विरघळवलेलं आहे. एरंडेल किती चिकट, हे आमच्या घरात कुणाला सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी सुरू केलं तेव्हा दर तीन आठवड्यांनी एक मिली, स्नायूत. २३ नंबरची इंचभर सुई. टोचताना फारसं कळायचं नाही, खरं दुखणं दुसऱ्या दिवशी यायचं. तेल स्नायूत साठून राहतं आणि पाऊल टाकलं की तोच स्नायू आवळतो. कदंबाच्या बसची पायरी चढताना मांडी अशी भरून यायची की दांडा धरून अंग वर ओढावं लागे. एकदा एका दवाखान्यात नितंबावर सुई जरा आतल्या बाजूला गेली आणि पोटरीपर्यंत सणक गेली. तिथून सायटिक नस जाते. वरचा, बाहेरचा कोपरा सोडायचा नसतो तो याचसाठी. आठवडाभर पाय ओढत चाललो. सांगायला गेलो तर "होतं असं" एवढंच ऐकलं. त्याचा राग अजून आहे.

मग आईच शिकली. डॉक्टरांनी तिच्याकडून दोनदा करून घेतलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचताना म्हणाली, "बाब, पाय सैल सोड." तोवर मी तिची बाय, म्हणजे मुलगी होतो. मुलाला म्हणतात तसं बाब पहिल्यांदा तेव्हा म्हणाली, सिरिंजवरची नजर न हलवता.

मार्चपासून कातडीखालच्या चरबीत घेतो, डॉक्टरांनीच बदललं. आता दर आठवड्याला ०.३ मिली, बेंबीपासून चार बोटं लांब. तेल ओढायला २१ची जाड सुई, टोचायला २५ची बारीक. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, नाहीतर टोचताना आग होते आणि दोष बिचाऱ्या सुईला जातो. चिमटीत कातडी धरली की सुई सहज जाते. पुढचं कठीण. बारीक सुईतून एरंडेल सरकत नाही, अंगठा थरथरतो, आणि घाई केली की आतून जळजळतं. मिनिटभर तरी लागतं. तेवढा वेळ आई पावसाबद्दल बोलत राहते.

दुखतं, पण वेगळं. दुसऱ्या दिवशी तिथे वाटाण्याएवढी गाठ येते, खाजते, पँटचा पट्टा घासला की हुळहुळते. चार दिवसांत विरते. पाय मात्र मोकळे असतात, आणि मला दिवसभर उभ्याचं काम असल्याने हे फार मोठं आहे. पूर्वी तिसऱ्या आठवड्यात यायची ती मरगळ, चिडचिड गेली. त्याचं श्रेय चरबीला नाही. डोस लहान आणि लवकर लवकर घेतो, म्हणून चढउतार कमी झाला.

एक गोष्ट जिवाला लागते. अँप्यूल एकदा फोडली की उरलेलं ठेवायचं नसतं. निम्म्याहून जास्त औषध दर गुरुवारी फुकट. आईला ते शिजवलेलं अन्न टाकल्यासारखं वाटतं. आजही ती काच हातात धरून उभी राहिली, मग कागदात गुंडाळून सुयांच्या डब्यात टाकली.

डावी बाजू. ०.३ मिली. रक्त नाही, थोडी लाली. पुढच्या गुरुवारी उजवी.