तुम्ही विचारलंत म्हणून: दोनच सीटची जुनी गाडी रोज चालवता येते का?

दवाखान्यात मला दातांबद्दल जितके प्रश्न येतात, त्याच्या खालोखाल हा येतो. भुलीचं इंजेक्शन दिलं की ती चढेपर्यंत पाच-सात मिनिटं मोकळी असतात. तेवढ्यात अर्धवट बधिर जिभेने कुणीतरी विचारतंच, "मॅडम, बाहेरची ती बुटकी गाडी तुमचीच ना? तशी सेकंड हँड घेतली तर रोज वापरता येईल का हो?" विचारणाऱ्यांत सराफ बाजारातली पोरं असतात, पुण्याची नोकरी घरून करणारे इंजिनिअर असतात, आणि यंदा केळीला बरा भाव मिळालेले रावेर-यावलकडचे शेतकरीही असतात. प्रत्येकाला खुर्चीत सगळं सांगणं जमत नाही, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

येते. पण घरात दुसरी गाडी हवी, आणि तुम्हाला एकटं जायला आवडायला हवं. यातली दुसरी अट लोक हसण्यावारी नेतात. माझ्या मते तीच खरी अट आहे.

खानदेशात गाडीतली रिकामी सीट रिकामी राहत नाही. मी आठवड्यातून दोनदा चोपड्याच्या दवाखान्यात जाते, जळगावहून 50-55 किलोमीटर. मोठी गाडी होती तेव्हा निघायच्या आदल्या रात्रीपासून फोन सुरू व्हायचे. सासूबाईंच्या मावसबहिणीला अडावदला सोडायचं, कुणाची बियाण्याची पिशवी धानोऱ्याला द्यायची, येताना कुणाच्या मुलीला घेऊन यायचं. "तुम्ही जातच आहात ना" या वाक्याला आपल्याकडे उत्तर नाही. लोक चांगले, गप्पाही चांगल्या, पण विदगावचा तापीवरचा पूल मी कित्येक वर्षं एकटीने ओलांडलाच नव्हता. दोन सीटच्या गाडीत शेजारच्या सीटवर पर्स आणि डबा ठेवला की गाडी भरते. कुणाला नाही म्हणावं लागत नाही, जागाच नसते. तुम्हाला हे सुख वाटत असेल तर पुढे वाचा. हे ऐकून अपराधी वाटत असेल तर तेवढ्याच पैशात नवी एसयूव्ही येते, ती घ्या.

गाडी घरी आली तेव्हा चोपड्याकडचे चुलत सासरे तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "हाई गाडी वावरमा जाई का?" नाही म्हटलं. "मंग काय कामनी?" त्यांचं बरोबर होतं. हिवाळ्यात भरीत पार्टीला मी गाडी डांबरी रस्त्यावर सोडते आणि बांधावरून चालत जाते. बामणोदची वांगी पोत्याने आणायची असतील तर ती माझ्या यजमानांच्या मोठ्या गाडीतून येतात. छत घडी होऊन डिकीत जाणाऱ्या गाड्यांत तर डिकीचा हिशोब आणखी विचित्र असतो. बीएमडब्ल्यू झेड4 ची 2009 साली आलेली पिढी घ्या: छत वर असताना डिकी 310 लिटर, छत आत गेलं की 180. म्हणजे वांगी किंवा वारा, दोन्ही नाही.

वाऱ्याचंही सांगते, कारण अर्धे लोक त्याच्यासाठीच विचारतात. परदेशातले व्हिडिओ बघून येतात. त्यात माझ्दाची एमएक्स-5, म्हणजे मियाटा, असते. 1989 पासून बनतेय, दहा लाखांवर विकली गेली, जगात सगळ्यात जास्त खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार. हलकी, साधी, स्वस्तात सांभाळता येणारी, लोक तिला खुशाल रोज वापरतात. पण ती भारतात कंपनीने कधी विकलीच नाही, त्यामुळे तिच्याबद्दलचा सल्ला इथे फारसा कामाचा नाही. आपल्याकडे जुन्या बाजारात मिळतात त्या मुख्यतः झेड4, मर्सिडीजची एसएलके, पोर्शची बॉक्स्टर. सगळ्या मियाटाहून जड, सगळ्या महागड्या सुट्या भागांच्या. क्वचित एखादी गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म दिसते, फायबरची बॉडी आणि रेनॉचं 1.2 लिटर इंजिन. ती हौसेने जपायची गाडी आहे, रोजची नाही. आणि छत उघडून फिरायचं म्हणाल तर भुसावळचा पारा 45 च्या वर जातो तिथे ते कोण करणार? दिवाळी ते महाशिवरात्र, आणि श्रावणातल्या काही उघडीप दिलेल्या संध्याकाळी. बस. मे महिन्यात छत बंद, एसी फुल, आणि काळ्या लेदरच्या सीटवर सोलापुरी चादर. ती नसेल तर साडीतूनही चटका बसतो.

साडी नेसून या गाडीत बसता येतं का, हेही बायका विचारतात. येतं. आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. गुडघे दुखणाऱ्याला मात्र उतरताना हात द्यावा लागतो.

आता खरेदीचं. माझी गाडी 2013 ची आहे. बघायला जाताना मी पाण्याच्या दोन बाटल्या नेल्या होत्या, तुम्हीही न्या. घडी होणाऱ्या छताच्या कडेला रबरी पन्हळ असते. पावसाचं पाणी तिच्यातून बारीक नळ्यांवाटे चाकाजवळ खाली पडावं अशी सोय असते. या नळ्या पानांनी तुंबतात. जळगावात सावलीला गाडी लावायची म्हणजे कडुलिंबाखाली, फाल्गुनात पानं आणि चैत्रात मोहोर, सगळं त्या पन्हळीत. छत अर्धवट उघडायला सांगा, कोपऱ्यात हळूहळू पाणी ओता आणि मागच्या चाकापाशी वाकून बघा. धार लागली तर ठीक. नाही लागली तर पाणी आत कुठेतरी चाललंय. डिकीचं कार्पेट उचला, खाली हात फिरवा, वास घ्या. कुबट वास असेल तर विक्रेता काहीही सांगो, त्याला नमस्कार करा. कारण डिकीच्या तळाशी गाडीच्या विजेच्या यंत्रणेचे डबे असतात. झेड4 च्या 2009 आधीच्या, कापडी छताच्या पिढीत तर छत उघडणारी मोटरच अशा जागी आहे की नळी तुंबली की ती पाण्यात बुडते. मी बाटली उपडी केली तेव्हा विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. उजवीकडून धार आली, डावीकडून ठिबकसिंचन. तारेने नळी साफ केल्यावर तिकडूनही वाहिलं, आणि मी त्या कारणावर किंमत कमी करून घेतली.

सकाळी लवकर जा आणि आपण पोचेपर्यंत गाडी सुरू करू नका असं आधीच बजावून ठेवा. बॉनेटला हात लावून बघा. कोमट असेल तर थंड इंजिनचा आवाज तुमच्यापासून लपवलाय. मग रस्त्यावर चक्क झोपून टॉर्चने खालून बघा. पुढच्या बंपरखालची प्लास्टिकची पट्टी ओरखडलेली असणारच, ती मी दोषात धरत नाही. इंजिनखालच्या पत्र्याला पोचे असतील तर धरते.

जाहिरातीत "डॉक्टरची गाडी, लेडीज ड्रिव्हन, फक्त 14 हजार किलोमीटर" असं असलं की लोक भाळतात. (मी डॉक्टरही आहे आणि लेडीजही, माझी गाडी कुणाला जास्त पैशांत हवी असेल तर सांगा.) मी अशा गाडीपासून लांब राहीन. बारा वर्षं कव्हरखाली उभ्या गाडीचे टायर दगड होतात, रबराला भेगा पडतात, वायरिंग उंदीर खातात. टायरच्या बाजूवर एक कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा: 2317 म्हणजे 2017 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला. गाडी कमी चाललीय आणि टायर अजून जुनेच आहेत, तर तेवढी रक्कम मनात वजा करा. चार टायरांत नवी स्कूटर येते. 60-70 हजार चाललेली, पण प्रत्येक सर्व्हिसचं बिल जपलेली गाडी मला कधीही चालेल. रोज वापरण्याला माझा पाठिंबा आहे तो याचमुळे. या गाड्या चालवल्याने बिघडतात त्यापेक्षा उभ्या राहून जास्त बिघडतात.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त का, हेही विचारतात. तिथे 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश आले, त्या भीतीने लोक आधीच काढून टाकतात. एनओसी (ना हरकत दाखला) घेऊन ती गाडी एमएच-19, म्हणजे जळगावच्या नोंदणीची, करायची म्हणजे महाराष्ट्राचा कर भरायचा. तो तुम्ही मोजलेल्या किमतीवर नसतो, गाडीच्या मूळ किमतीतून वय वजा करून लागतो, आणि आयात गाडीला दर 20 टक्के. या बहुतेक गाड्या आयातच. शिवाय 15 वर्षांनी नोंदणी नव्याने करायची वेळ आली की साध्या कारला 5,000 रुपये आणि आयात कारला 40,000. हे एप्रिल 2022 पासून. 20 वर्षांवरच्या आयात गाडीला ऑगस्ट 2025 पासून 80,000. म्हणून 2011-12 ची गाडी घेताना ही रक्कम आजच किमतीत धरा. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही. पाच वर्षांपुढच्या गाडीची विम्यातली किंमत कंपनीशी बोलून ठरते, तेव्हा पहिल्या आकड्याला हो म्हणू नका.

रस्ते. गतिरोधकाचं भारतीय रस्ते परिषदेचं माप आहे, उंची 10 सेंटिमीटर आणि रुंदी 3.7 मीटर. असा गतिरोधक असेल तर माझी गाडीही आरामात जाते. पण गावात अपघात झाला की रात्रीतून जो उगवतो तो हातभर रुंद आणि वीतभर उंच. माझ्या गाडीच्या पोटाखाली जेमतेम 12-13 सेंटिमीटर जागा, साध्या हॅचबॅकला 16-17 असते. उपाय एकच, जवळजवळ थांबायचं आणि तिरकं जायचं, एका वेळी एक चाक. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवतो, वाजवू दे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रस्त्यावरचा प्रत्येक उंचवटा पाठ होतो. कठीण पडतो तो जुलै. ट्रॅक्टर वावरातून बाहेर येतात आणि काळ्या मातीची ढेकळं डांबरावर सांडत जातात. वरून भुरभुर पाऊस. मागच्या चाकांवर चालणारी, रुंद टायरांची गाडी त्या चिखलावर पाऊल टाकताच मागून सरकते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा फडफडायला लागतो. तिथे ॲक्सिलरेटरवरून पाय अलगद काढायचा, ब्रेकला हात... पाय लावायचा नाही.

हायवेवर आणखी एक गोष्ट. भुसावळ-जळगाव-धुळे रस्त्यावर ट्रकच्या चाकाचा मधला गोळा तुमच्या कानाच्या उंचीला असतो. ड्रायव्हरला वरून तुम्ही दिसत नाही. त्याच्या दाराशेजारी कधी रेंगाळू नका. रात्री कापसाचे ट्रॅक्टर मागे दिवा न लावता चालतात, म्हणून मी अंधार पडल्यावर चोपड्याहून निघतच नाही.

स्टेपनी नसते. अशा बऱ्याच गाड्यांना रनफ्लॅट टायर असतात, हवा गेली तरी ताशी 80 च्या आत साधारण 80 किलोमीटर जातात. चोपडा-जळगाव त्यात बसतं, पण नवा टायर बाहेरून मागवावा लागतो. इंधनात आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं. या काळातल्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी लिहिलेली आहे, तेव्हा इंधनाचे रबरी पाइप आधी तपासून घ्या. ऑइल आणि ब्रेक माझे जळगावचे मिस्त्री करतात, स्कॅनर आहे त्यांच्याकडे. मोठं काम निघालं की अजिंठा घाटातून छत्रपती संभाजीनगर, सुमारे 160 किलोमीटर. सुटे भाग मुंबईच्या ऑपेरा हाऊसहून किंवा दिल्लीच्या कश्मीरी गेटहून येतात. गाडी बंद पडली तर दोरीने ओढू देऊ नका, सपाट पाठीचा ट्रकच मागवा आणि चढवताना चाकाखाली लाकडी फळ्या घालायला लावा.

मी सरळ नको म्हणते ते तिघांना: पहिलीच गाडी घेणाऱ्याला, किंमत कशीबशी जमवून देखभालीला काही न उरणाऱ्याला, आणि घरात तान्हं मूल असलेल्याला. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट चालू एअरबॅगसमोर लावायची नसते, आणि इथे मागची सीटच नाही.

बाकीच्यांना मी एक परीक्षा देते. आत्ताची जी गाडी आहे तिच्या मागच्या सीटवर एक दोरी आडवी बांधा आणि महिनाभर ती सोडू नका. डिकीत एका बॅगेपलीकडे काही ठेवू नका. दोरी किती वेळा सोडावी लागली ते बघा. अमळनेरच्या एका वकिलांचा दुसऱ्याच दिवशी फोन आला, मेहुणे सहकुटुंब स्टेशनवर उतरले होते. त्यांनी सात सीटची गाडी बुक केली. पारोळ्याच्या एका मास्तरांची दोरी महिनाभर तशीच राहिली. घरी दोघंच, मुलगा परदेशात, शाळा 20 किलोमीटरवर. त्यांना मी म्हटलं, घ्या. गाडी ठरलीय, फक्त टायर 2016 चे निघालेत, त्यावरून सध्या किंमतीची घासाघीस चालू आहे.