निर्गुडीचे तेल आणि पंचेचाळीस ओळींचा अहवाल

पाला गोळा करण्यापासून तेल बाटलीत येईपर्यंतचा भाग मला आता नीटसा आठवतही नाही, कारण त्यात काही अडले नाही. ओढ्याकाठची निर्गुडी, पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या केंद्रातून करून घेतलेली जातीची ओळख, क्लेव्हेंजर उपकरणात दर खेपेला अर्धा किलो ताजा पाला घालून चार तासांचे ऊर्ध्वपातन, आणि हाती जेमतेम अर्धा मिलिलिटर फिकट पिवळे तेल. एम.एस्सी.चा प्रबंध निम्मा झाला, असे मी तेव्हा समजले. पुढचे अडीच महिने जीसी-एमएसच्या, म्हणजे तेलातील घटक वेगळे करून त्यांची वस्तुमाने मोजणाऱ्या यंत्राच्या, एका अहवालात गेले.

ज्या केंद्रात नमुना दिला, त्याचे नाव लिहीत नाही. अर्ज दोनदा परत आला : एकदा मार्गदर्शकांच्या सहीखाली विभागाचा शिक्का नव्हता म्हणून, आणि दुसऱ्यांदा नमुन्यात पाणी दिसते म्हणून. दुसरा आक्षेप रास्त होता. पाणी शोषून घेणारे निर्जल सोडियम सल्फेट टाकून तेल रात्रभर ठेवण्याऐवजी मी ते दहा मिनिटांत निथळून घेतले होते. सहा आठवड्यांनी अहवाल आला, तेव्हा त्यात पंचेचाळीस संयुगांची यादी पाहून मला आनंद झाला आणि तो त्याच संध्याकाळी ओसरला. कॅरिओफायलीनचे नाव तीन वेगवेगळ्या ओळींत होते, आणि शेवटच्या काही ओळींत चक्क सिलिकॉनची संयुगे होती. निर्गुडीच्या पानात सायक्लोसिलॉक्झेन तयार होत नाहीत. तापमान चढल्यावर यंत्राच्या कॉलमचा, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या बारीक नळीचा, आतला लेप झिजतो आणि आलेखातील २०७ व २८१ वस्तुमानाची ही शिखरे त्यातून येतात. संगणकाने प्रत्येक शिखरासमोर सर्वांत जवळचे नाव लिहिले होते आणि कोणीही ते वाचून पाहिले नव्हते.

खरी अडचण सेस्क्विटर्पीनांची, म्हणजे सुगंधी तेलांतील पंधरा कार्बनांच्या संयुगांची असते. कॅरिओफायलीन, ह्युम्युलीन, जर्मॅक्रीन-डी या सर्वांचे रेणुवस्तुमान २०४, आणि त्यांचे वस्तुमान-वर्णपट (रेणूच्या तुकड्यांच्या वस्तुमानांचे आलेख) एकमेकांशी इतके मिळतेजुळते की केवळ त्यांच्या आधारे नाव ठरवणे म्हणजे आडनावावरून माणूस ओळखण्यासारखे आहे. म्हणून त्याच कॉलमवर, त्याच तापमानक्रमाने साध्या अल्केनांचे (सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनांचे) मिश्रण सोडून रिटेन्शन इंडेक्स, म्हणजे अल्केनांच्या तुलनेत संयुग केव्हा बाहेर येते ते सांगणारा अंक, काढावा लागतो. ही विनंती मी केली, तेव्हा 'आमच्याकडे तसे करत नाहीत' असे उत्तर मिळाले. मूळ डेटा-फाइल मागितली, तर पीडीएफ हाच अहवाल असल्याचे सांगण्यात आले. मी चार वेळा जाऊन बाकावर बसले. पाचव्या वेळी, आठ ते वीस कार्बनांच्या अल्केनांची कुपी स्वतः विकत घेऊन गेले आणि एका तंत्रज्ञांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ती यंत्रात सोडली. त्यांनीच फाइलही पेनड्राइव्हवर दिली. त्यांचे आभार प्रबंधात पहिल्या ओळीत आहेत. केंद्राचे औपचारिक आभार त्याखाली, नाइलाजाने.

हिशेब मात्र सोपा निघाला. माझ्या नोंदीत चौदा कार्बनांचा अल्केन २०.१० मिनिटांना आणि पंधरा कार्बनांचा २२.६० मिनिटांना आला. चौदा कार्बनांच्या अल्केनाचा इंडेक्स १४०० धरतात, पंधराच्याचा १५००. म्हणून २०.५५ मिनिटांचे शिखर म्हणजे १४०० अधिक ०.४५ भागिले २.५० गुणिले १००, अर्थात १४१८ : हे कॅरिओफायलीन. २१.४० मिनिटांचे शिखर १४५२ वर आले, म्हणजे अहवालातील 'दुसरे कॅरिओफायलीन' ह्युम्युलीन होते. तिसरे जर्मॅक्रीन-डी ठरले. एक्सेलच्या त्या एका स्तंभाचा मला अजूनही अभिमान वाटतो.

नमुना देण्याआधीच अर्जावर लिहून मागावे, असे चार मुद्दे मला उशिरा कळले : कॉलमचे नाव आणि तापमानक्रम, अल्केनांची धाव (यंत्रातून एकदा सोडणे), नुसत्या हेक्झेन या द्रावकाची कोरी धाव, आणि मूळ फाइल. कोरी धाव असती, तर सिलिकॉनचा गोंधळ पहिल्याच दिवशी उघड झाला असता. तेल गडद काचेच्या कुपीत चार अंश सेल्सिअसला ठेवावे. माझी एक कुपी आठवडाभर टेबलावर राहिली आणि तिचा वास बदलला.

जिवाणूंवरील चाचणीबद्दल थोडेच सांगते. कागदी चकती ठेवून आगरवर दिसणारे वर्तुळ सुगंधी तेलांच्या बाबतीत फसवे असते, कारण तेल पाण्यात विरघळत नाही आणि आगरमध्ये नीट पसरतही नाही. मी द्रव माध्यमात, तेल पाण्यात मिसळवणारे ट्वीन-८० घालून, शहाण्णव खळ्यांच्या प्लेटमध्ये किमान रोधक मात्रा, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा, काढली. त्यातही पहिली प्लेट वाया गेली, कारण झाकण सैल होते आणि तेलाची वाफ शेजारच्या खळ्यांत शिरून नुसत्या जिवाणूंचे खळेसुद्धा स्वच्छ राहिले. दुसरी प्लेट चिकटपट्टीने बंद केली. स्टॅफिलोकोकस ऑरियस कमी मात्रेत थांबला आणि ई. कोलायला जास्त तेल लागले, जे त्याच्या बाह्य पटलामुळे अपेक्षितच होते.

एक शिखर मात्र शेवटपर्यंत सुटले नाही. व्हिरिडिफ्लोरॉल आणि ग्लोब्युलॉल यांचे इंडेक्स या कॉलमवर दोन-तीन अंकांच्याच फरकाने येतात आणि वर्णपटही जवळजवळ सारखे असतात. तक्त्यातील त्या ओळीत मी दोन्ही नावे तिरकी रेघ देऊन लिहिली. परीक्षकांनी नेमके त्याच ओळीवर बोट ठेवून कारण विचारले, आणि त्या वेळी सांगण्यासारखे माझ्याजवळ बरेच होते.