स्टॉकफिश आणि लीला: एकाच स्थितीचे दोन निकाल

माझ्या बुद्धिबळाच्या एका सिसिलियन (एक प्रसिद्ध सुरुवात) डावात काळ्याने सी३ वरच्या घोड्यासाठी हत्ती दिला होता आणि त्या बदल्यात पांढऱ्याची वजिराकडची प्यादी मोडली होती. विश्लेषणाला बसलो तेव्हा स्टॉकफिश या बुद्धिबळ इंजिनाच्या, म्हणजे चाली शोधून स्थितीचे मूल्य आकड्यात सांगणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमच्या मते स्थिती जवळपास समसमान होती, तर लीला या दुसऱ्या इंजिनाच्या मते काळा स्पष्ट वरचढ होता. कोणाचे खरे मानायचे हे ठरवण्याआधी दोन्ही आकडे एकाच मापाचे आहेत का, हे तपासणे भाग होते. आणि ते तसे असतीलच असे नाही. २०२२ च्या १५.१ या आवृत्तीपासून स्टॉकफिशचा +१.०० म्हणजे त्या बाजूला जिंकण्याची साधारण ५० टक्के शक्यता, असा अर्थ ठरवला गेला आहे. लीला मुळात डावातून किती गुणांची अपेक्षा आहे ते मोजते आणि प्याद्यांच्या मापातला आकडा त्यावरून सूत्राने काढते. म्हणून मी दोन्हीकडे विजय, बरोबरी आणि पराभव यांची टक्केवारी दाखवण्याची सोय चालू केली.

डेप्थची, म्हणजे इंजिन किती चाली पुढे पाहते त्याची, तुलना तर मी सोडूनच दिली. स्टॉकफिश सेकंदाला लाखो स्थिती चाळते आणि निरुपयोगी वाटणाऱ्या फांद्या बेधडक छाटते. लीला त्या मानाने फार थोड्या स्थिती पाहते, पण प्रत्येकीवर तिचे मोठे न्यूरल नेटवर्क खर्ची पडते. त्यामुळे दोघांना सारखाच वेळ आणि तीन-तीन पर्याय दाखवण्याची मुभा, एवढीच समानता मी राखली. एकाहून अधिक थ्रेड (एकाच वेळी समांतर चालणारे शोध) असताना स्टॉकफिश प्रत्येक वेळी तंतोतंत तेच उत्तर देईल असेही नाही, तेव्हा ०.१० च्या फरकावर डोके शिणवण्यात अर्थ नसतो.

खरी माहिती मिळाली ती एकाची चाल दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवल्यावर. लीलाची पहिली पसंती एच-प्यादे एक घर पुढे सरकवण्याची होती, जी स्टॉकफिशच्या तिन्ही पर्यायांत नव्हती. ती चाल पटावर खेळून मी स्टॉकफिशला विचार करायला लावले. अशा वेळी मूल्यांकन झटकन कोसळले, तर कुठेतरी डावपेचातली चूक दडलेली असते. येथे ते कोसळले नाही, उलट हळूहळू लीलाच्या बाजूला झुकू लागले. मग लीलाने सुचवलेल्या चालींच्या ओळीच्या शेवटापर्यंत जाऊन, हॅश (इंजिनाने तपासलेल्या स्थितींची साठवण) न पुसता, एकेक चाल मागे येत गेलो, म्हणजे पुढे सापडलेले इंजिनाच्या स्मृतीत राहते. त्या परतीच्या वाटेवर स्टॉकफिशने पांढऱ्यासाठी घोड्याचे एक बलिदान शोधले, जे लीलाने जवळपास दुर्लक्षिले होते. त्यातून पांढऱ्याला कायमचा शह, म्हणजे बरोबरी मिळत होती. मात्र काळ्याने आधीच राजा कोपऱ्यात नेला, तर ती युक्ती चालत नव्हती. ही सुधारणा दोन्ही इंजिनांना मान्य झाली आणि काळ्याचा वरचष्मा मी टिपणात नोंदवला.

दोघांचे एकमत झाले की काम संपते असेही नाही. त्याच डावाच्या एका उपशाखेत विरुद्ध रंगांच्या उंटांचा शेवट (दोन्ही बाजूंचे उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांवर फिरतात असा) येत होता आणि काळ्याकडे एक प्यादे जास्त होते. दोन्ही इंजिने काळ्याचा फायदा दाखवत होती, पण कितीही वेळ दिला तरी तो आकडा वाढेना आणि सुचवलेल्या चालींत उंट नुसता मागे-पुढे फिरत होता. पटावर सातपेक्षा जास्त मोहरे असल्याने सिझिजी टेबलबेसचा (थोडे मोहरे उरलेल्या स्थितींचे अचूक निकाल साठवलेल्या संग्रहाचा) उपयोग नव्हता. तेव्हा काळ्याला प्यादे कुठून घुसवता येईल, याच्या सर्व वाटा मी हाताने तपासल्या, पांढऱ्याचा उंट प्रत्येक वाट रोखतो हे पाहिले, आणि त्या उपशाखेपुढे बरोबरीचे चिन्ह घातले.