लाल शाई

शुक्रवार, रात्री साडेदहा

सहावीच्या वह्या एकदाच्या तपासून झाल्या. ३१ वह्या, त्यांतल्या २६ गोष्टींत 'एका गावात एक गरीब शेतकरी राहत होता', आणि प्रामाणिकपणाचं बक्षीस मिळून तो सुखी झाला. वर्गातली बहुतेक पोरं शेतकऱ्यांचीच, पण गोष्टीतल्या शेतकऱ्यानं रानात काय लावलंय, हे एकालाही सांगावंसं वाटलं नाही. या वेळी मी मुद्दे दिले नव्हते. तात्पर्यही लिहू नका म्हटलं होतं. तरी १४ जणांनी लिहिलंच, खाली रेघ मारून. इतकी वर्षं फळ्यावर 'शीर्षक द्या, तात्पर्य लिहा' असं मीच लिहीत आले, आता तक्रार कुणाकडे करू?

मागच्या बाकावरच्या एकानं मात्र दीडच पान लिहिलंय. रात्री अवकाळी आला, कांद्याच्या चाळीवरची ताडपत्री उडाली, बापलेक धावले. त्यात हे: 'आबा म्हने बॅटरी धर. म्या धरली. हात थरथरत व्हता मंग उजेडबी थरथरत व्हता.'

आणि मी काय केलं? 'म्हने'वर गोल, 'म्या'वर गोल, 'व्हता'वर दोनदा गोल. समासात 'शुद्धलेखन सुधारा'. तंद्रीत हात चालत असतो.

जेवण झाल्यावर 'बनगरवाडी' काढली. कितव्यांदा ते आता मोजत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेला राजाराम मास्तर, सगळी पोरं मेंढरांमागं. मास्तर गोष्ट सांगतो ती साध्या प्रमाण मराठीत, पण वाडीचा कारभारी तोंड उघडतो तो माणदेशी बोलीतच. ते संवाद मी वर्गात मोठ्यानं, हेल काढून वाचते, पोरं खिदळतात. तिथं माझं शुद्धलेखन कुठं जातं कोण जाणे.

चार पानांपुढं वाचवेना. वही परत उघडली. वार्षिक परीक्षेत असं लिहिलं तर त्याचे गुण जातील, हे काही खोटं नाही. पण 'म्या धरली' हे त्याच्या घरचं बोलणं, ते निदान या गोष्टीत तरी राहू द्यायला हवं होतं. परीक्षेची भाषा वेगळी, घरची वेगळी, एवढं सहावीच्या पोराला समजतं. मीच कधी समजावलं नाही.

गोल काढण्याच्या नादात शेवटची ओळ तर मी नीट वाचलीच नव्हती. 'सकाळी आईनं वला कांदा येगळा काढला आन मला शाळेत धाडलं.' बस्स, इथं गोष्ट संपते.

लाल शाई पुसली जात नाही. ब्लेडनं खरवडायला गेले तर कागद विरला. गोलांच्या शेजारी पेन्सिलीनं 'राहू दे' लिहिलंय, चार ठिकाणी.

उद्या सकाळची शाळा. सुटताना त्याला थांबवून विचारायचंय, किती कांदा भिजला ते.